मास्तरांनी पोरं बाहेर काढली

शाळेचे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. सुतळीचे तुकडे कसे कोनाड्यात पडून राहतात, फेकवत नाहीत आणि एक ओढला की दहा बाहेर येतात, तसं होतं. आष्ट्याच्या शाळेतले आम्ही चार-पाच म्हातारे अजूनही एकत्र बसलो की कुणीतरी म्हणतं, "गड्या, ते आठल्ये मास्तर..." आणि चहा गार होतो!

आठल्ये मास्तर मूळचे वाईचे. आम्हाला इंग्रजी शिकवायचे. महायुद्धाचे दिवस, कागदाची टंचाई, आणि सगळ्या वर्गात मिळून व्याकरणाची पुस्तकं तीन. मास्तरांनी त्यावर तोड काढली. गावात कुणाकडे इंग्रजी कागद आला की त्यानं तो थेट वर्गात आणायचा. हजेरीच्या क्रमानं ज्याची पाळी असेल त्यानं उभं राहून मोठ्यानं वाचायचा. मग मास्तर विचारणार, "क्रियापद कोणतं? हकीकत, हुकूम की जर-तर? आणि करणारा कोण?" ही उत्तरं झाली की शेवटी त्या माणसाला मराठीत अर्थ सांगायचा. तोवर तो बिचारा उंबऱ्याशी बसून आमचं व्याकरण ऐकायचा.

इंडिकेटिव्ह, इम्परेटिव्ह, सबजंक्टिव्ह ही नावं आमच्या जिभेला झेपत नव्हती, म्हणून मास्तरांनीच त्यांचं हकीकत, हुकूम आणि जर-तर असं बारसं केलं होतं. ॲक्टिव्ह व्हॉइसवर तर त्यांचा फार जीव. म्हणायचे, "करणाऱ्यानं वाक्यात पुढं यावं. मागं दडून बसलेला माणूस मला चालत नाही!"

*

आमच्यात धोंडी म्हणून एक जण होता. माणचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, मामाकडे राहून शिकायचा. मास्तर त्याला म्हणाले, "हुकुमाचं एक वाक्य सांग."

"कम हियर!"

"छान. कुणाला म्हणतोस?"

"शेरडांना जी."

"मग शेरडं येतात?"

"न्हाई येत."

"अरे, येत नाहीत तर तो हुकूम कसला?"

धोंडी शांतपणे म्हणाला, "हुकूम त्यो हुकूमच, मास्तर. शेरडं ऐकत न्हाईत ह्यो शेरडांचा गुण!"

बेचाळीसची चळवळ पेटली होती आणि आमच्या भागात सरकारलाही हाच अनुभव येत होता. मास्तरांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं आणि मग धोंडीला दहापैकी दहा दिले.

*

तानूबाई पहिल्यांदा वर्गात आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. त्यांचा मारुती वर्षभरापूर्वी माझ्याच शेजारच्या बाकावरून उठून पलटणीत गेला होता. एकुलता एक. नवरा आधीच गेलेला, थोडा ऊस आणि एक म्हैस एवढ्यावर बाई एकट्या घर ओढत होत्या. मारुती परत येऊन मळा हाती घेईल, एवढ्यावरच त्यांचा दिवस उगवायचा आणि मावळायचा.

पलटणीच्या कचेरीतून इंग्रजी कागद आला होता. धोंडीनं वाचला, पुढच्यानं क्रियापद सांगितलं, तिसऱ्यानं हकीकत असल्याचं सांगितलं, आणि मग अर्थ निघाला : मारुती लान्स नाईक झाला!

तानूबाईंना लान्स नाईक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी जित्ता हाय न्हवं?"

"चांगला जिवंत आहे. वर दंडावर फीतही मिळाली," मास्तर म्हणाले.

चार महिन्यांनी दुसरा कागद आला. मारुती तापानं इस्पितळात होता, आता बरा होऊन कामावर गेला. तोही आम्हीच वाचला. जाताना तानूबाई म्हणाल्या, "तुमच्या पोरांचा वाचायचा गुण लय चांगला हाय, मास्तर." आम्ही उगाच छाती काढून बसलो.

*

गावातल्या एका पैलवानाकडे काचेच्या फ्रेममध्ये लावलेला इंग्रजी कागद होता. तरुणपणी पुण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर त्यानं कुस्ती करून दाखवली होती, तेव्हा खूश होऊन साहेबानं हे सर्टिफिकेट दिलं म्हणे. पंधरा वर्षं दसऱ्याला त्या फ्रेमला हार पडत होता. एके दिवशी त्याच्या मनात आलं, आत काय लिहिलंय ते एकदा कळावं तरी.

वाचायची पाळी माझी होती. मी उठलो आणि वाचू लागलो. कोट एक. पाटलोणी दोन. उशीचे अभ्रे चार. धोब्याकडे द्यायच्या कपड्यांची यादी होती ती!

वर्ग ओठ चावून बसला. मास्तरांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पैलवानाकडे पाहिलं.

"पैलवान, या कागदात क्रियापदच नाही."

"आन मग?"

"मग कुणाला वाद घालायला जागाच नाही. पक्का कागद आहे. सांभाळून ठेवा!"

पैलवान फ्रेम छातीशी धरून गेला. त्या दिवशी व्याकरणाचा तास बुडाला, पण इतकं दुसऱ्या कुठल्या तासाला मी शिकलो असेन असं वाटत नाही.

*

एकदा फौजदारसाहेब स्वतः आले. कुठंतरी टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या आणि वर इंग्रजीत रिपोर्ट पाठवायचा होता. तो नीट करून हवा होता. मास्तरांनी सवयीप्रमाणे लाल पेन्सिल चालवायला सुरुवात केली.

"तारा तोडल्या गेल्या, खांब पाडला गेला, शिपायाला झाडाला बांधलं गेलं... साहेब, सगळा रिपोर्ट पॅसिव्ह व्हॉइसमध्ये? करणारा कुठंय?"

फौजदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "मास्तर, करणारा सापडला असता तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

मास्तर आमच्याकडे वळले. "लिहून घ्या रे. जर-तरचं इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात नाही!"

मागच्या बाकावर करणाऱ्यांपैकी एकाचा धाकटा भाऊ बसला होता. त्यानंही मुकाट्यानं लिहून घेतलं.

*

सगळेच कागद असे नसायचे. मास्तर आधी स्वतः एक नजर टाकायचे. कागद वाईट असला तर काही न बोलता हातानं खूण करायचे आणि आम्ही बाहेर पटांगणात जायचो. आत मास्तर कागदवाल्याला शेजारी बसवून घ्यायचे, हळू आवाजात सांगायचे. त्या वर्षा-दीड वर्षात तीन-चार घरच्या लोकांना त्यांनी असं सांगितलं. बाहेर आम्ही आट्यापाट्या मांडायचो, पण खेळ रंगायचा नाही.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "मास्तर, ते कागद आम्हाला का देत नाही?"

म्हणाले, "अरे, दुसऱ्याच्या रडण्यावर का व्याकरण शिकायचं?"

गावानं हे बरोबर हेरलं. कुणाच्या घरी वाईट बातमी आली की लोक म्हणू लागले, "त्येच्या कागदाला मास्तरांनी पोरं भाईर काढली." पोरांनी वाचला तर कागद चांगला आणि मास्तरांनी वाचला तर वाईट, असा हिशेबच होऊन बसला.

*

शेवटचा किस्सा आम्ही एकमेकांना सांगत नाही. तो सगळ्यांना माहीत आहे.

तानूबाई तिसरा कागद घेऊन आल्या. मळ्यातून तशाच आल्या होत्या, पायाला चिखल होता. मास्तरांनी कागद उघडला, वाचला, घडी घातली. मग हातानं खूण केली. आम्ही उठलो.

तानूबाई दारात उभ्या राहिल्या. दोन्ही हात दोन्हीकडच्या चौकटीला लावून.

"बसा रं पोरांनो. कुनी भाईर जायाचं न्हाई."

"तानूबाई, जरा इकडं या. माझ्याजवळ बसा," मास्तर म्हणाले.

"न्हाई बसायची. मारुतीचं समदं कागूद पोरांनी वाचल्यात. ह्यो बी पोरंच वाचत्याल. तुमी नगा वाचू, मास्तर. तुमच्या पाया पडते, तुमी नगा वाचू."

मास्तरांनी घडी पुन्हा उघडली. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. पाळी माझीच होती.

दोनच ओळी होत्या. इटलीत लढाई झाली होती आणि तीत मारुती मारला गेला होता. मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत इंग्रजीत वाचलं, अडखळलो नाही. सगळ्या वर्गाला कळलं. धोंडीनं बाकावर डोकं टेकलं. तानूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी कागद खाली केला तरी बघतच होत्या.

मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे होते.

"आवं मास्तर," तानूबाई म्हणाल्या, "इचारा की त्येला. कवापासनं उभं हाय पोरगं. इचारा की."

मास्तर वळले.

"क्रियापद कोणतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.