अठरावा गडी

दौंड स्टेशनात मुंबईची गाडी लागली तेव्हा आबा माझ्याशी नव्हे, माझ्या ट्रंकेशी बोलत होते. कडी हलवून बघत होते, दोरी आवळत होते, हमालाला दम भरत होते. मांडवगण फराट्याहून आम्ही बैलगाडीनं निघालो होतो, आणि भीमा ओलांडून दौंडला येईपर्यंत आईचं एकच पालुपद चालू होतं, "मेंढरामागं फिरू न्हाई म्हणून तुला शाळंत घातला, आन् तू चाल्लायस कुठं, तर मेंढरांच्याच मुलखात!"

तिचं खरं होतं. धनगराचं पोर पुण्याच्या शेतकी कॉलेजात गेलं, लोकरीचा अभ्यास केला, आणि रुपयाची किंमत उतरवली त्याच वर्षी त्याला ऑस्ट्रेलियात लोकर तपासायच्या नोकरीचं बोलावणं आलं. गोऱ्यांनी शिकलेल्या हिंदी माणसापुरतं दार नुकतंच किलकिलं केलं होतं, त्या फटीतून मी आत शिरलो. गाडी हलली तेव्हा माझे डोळे भरले होते, हे मला पोचवायला फलाटावर आलेल्या तुम्ही सगळ्या गावाकडच्यांनी पाहिलंत. पण छाती कशी उडत होती ते तुम्हाला दिसलं नाही. मला जायचं होतं! जे माझ्यासारखे घर सोडून निघाले त्यांना हे कळेल. रडू येत असतं आणि त्याच वेळी गाडीनं जरा जोरात पळावं असंही वाटत असतं.

आईनं ट्रंकेत तिखट, कारळाची चटणी आणि सुपारीची पुरचुंडी दिली होती. मेलबर्नच्या धक्क्यावरच्या अंमलदारानं तिखट हुंगलं, शिंकला आणि परत दिलं. सुपारी मात्र बी-बियाणं म्हणून ठेवून घेतली. मला त्यानं फार अदबीनं पावती दिली.

ही अदबच पुढं माझ्या जिवावर उठली. नोकरीचं गाव व्हिक्टोरिया राज्यात, बटाट्यांच्या आणि मेंढ्यांच्या मुलखात होतं. आपली मेंढरं काळी, इथली पांढरी, माणसांचंही तसंच. मला कुणी वाईट वागवलं नाही, हे आधीच सांगतो. उलट सगळे माझ्याशी टोपी काढून बोलत. आमची हवा मानवली का? आमचा चहा आवडला का? एकमेकांना ते हाडतहुडत करत, शिव्या देत, पाठीत गुद्दे घालत, आणि मी आलो की सगळे सुतासारखे सरळ! ज्याला जन्मभर आबांची ओरड खायची सवय, त्याला हे गोड बोलणं ऐकून उपाशी राहिल्यासारखं व्हायचं. पुढच्या वर्षी माझी बायको सुमन आली. तिच्याशीही सगळे तसेच. ती म्हणाली, "अहो, इथं आपण रोजच पाव्हणे."

मग मला त्यांचा फुटबॉल सापडला.

आपला फुटबॉल तो नव्हे. क्रिकेटच्या मैदानावर दोन्हीकडचे अठरा अठरा गडी, सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू, आणि दोन्ही टोकांना उघडे चार चार खांब. चेंडू लाथेनं मारा, मुठीनं मारा, घेऊन पळा, फक्त फेकायचा नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून, वर चढून चेंडू झेलला तर त्याला फाऊल म्हणत नाहीत, टाळ्या वाजवतात! खांबांपाशी पांढरा कोट घातलेला एक माणूस डॉक्टरसारखा गंभीर उभा असतो, आणि गोल झाला की दोन बावटे फडकवतो. आणि सगळ्यांत भारी म्हणजे, खेळ थांबला की बघणारी माणसं थेट मैदानात घुसतात आणि गड्यांभोवती कडं करतात. आमच्या यात्रेतला कुस्त्यांचा फडच तो! पहिल्याच शनिवारी मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

गावच्या फुटबॉल क्लबच्या वार्षिक सभेला मीही जाऊन बसलो. तिथं जुन्या मॅनेजरनं काम सोडलं. सगळे खाली मान घालून बसले. मी आपला भाबडेपणानं विचारलं, "या मॅनेजरला नक्की करायचं काय असतं?" झालं! ज्यानं विचारलं त्याच्याच गळ्यात माळ पडली. सभा संपायच्या आत मी क्लबचा फुटबॉल मॅनेजर होतो.

आनंदाच्या भरात मी घरी कळवून टाकलं की मॅनेजर झालो. गावात पेढे वाटले गेले आणि वरवंडच्या मामांचा निरोप आला की पोराला कुठंतरी चिकटवून घे. आता त्यांना काय सांगणार? कसं खेळायचं ते कोच सांगतो. बाकी जे जे उरतं ते मॅनेजरचं. चिखलाच्या गंज्या धुवायच्या, पायाला तेल चोळायचं, मध्यंतराला संत्री चिरायची, पंचाला नावं द्यायची, मोडलेला गडी डॉक्टरकडं पोचवायचा. आणि मुख्य म्हणजे शनिवारी दुपारी अठरा माणसं मैदानावर हजर करायची. पगार शून्य. पण शनिवारी गावातले लोक मला नावानं हाक मारत, आणि मी आठवडाभर त्या हाकेची वाट बघायचो.

ऐन मोसमात घात झाला. लेस म्हणून आमचा कोच होता, गावातला खाटीक. एका हरलेल्या सामन्यानंतर त्यानं नदीपलीकडच्या केली आडनावाच्या भावांना सगळ्यांदेखत म्हटलं, "बटाट्याची पोती बरी तुमच्यापेक्षा, निदान ढकलली तर गडगडतात!" चार सख्खे आणि तीन चुलत असे सात केली त्या दिवशी गंज्या टाकून गेले ते आलेच नाहीत. सलग दोन शनिवार आम्हाला अठरा गडी भरता आले नाहीत. सामने भरवणाऱ्या लीगनं कळवलं की तिसऱ्यांदा असं झालं तर क्लबचं नाव काढून टाकू. जॅक, आमचा म्हातारा अध्यक्ष, हे वाचून दाखवताना मध्येच थांबला. त्याच्या बापानं ते मैदान नांगरून सपाट केलं होतं. आणि माझं म्हणाल तर, क्लब बुडाला असता तर माझा शनिवार बुडाला असता. शनिवार सोडला तर त्या गावात माझं होतं काय?

मी फोन करत सुटलो. केलींनीच नव्हे, गावातल्या पोरांनीही एकच उत्तर दिलं, "बघू, मेट." 'बघू' म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको. फोन ठेवला आणि मला आबा आठवले.

यात्रेच्या कुस्त्यांसाठी पैलवानांना सुपारी द्यायचं काम आमच्या आबांकडं होतं. खिशात सुपाऱ्या भरून ते केंदूरपर्यंत चालत जायचे. पैलवानाच्या दारात बसायचे, त्याच्या म्हाताऱ्याची चौकशी करायची, ताक प्यायचं, आणि मग हातावर सुपारी ठेवायची. "सुपारी घेतली म्हंजी गडी आला," ते म्हणायचे. "मंग ताप आसू दे, न्हाईतर घरात लगीन आसू दे." आणि बोलावलेला पैलवान जिंको की पडो, त्यानं गावात जेवूनच जायचं, ही गावाची जबाबदारी. निरोप्यानं बोलावलेला पैलवान येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

माझी सुपारी धक्क्यावर राहिली होती. पण आमच्या दारातल्या निलगिरीखाली तिची टणक, वाटोळी फळं पडलेली असायची. मी शर्टाचा ओचा करून ती गोळा करू लागलो. सुमननं खिडकीतून पाहिलं. "अहो, खुळ्यात काढतील लोक!"

"काढू देत," मी म्हणालो.

जॅकची जुनी गाडी घेऊन तो आणि मी आधी गावातल्या पोरांच्या दारात गेलो आणि मग नदीपलीकडं. आपली रीत मी सांगायचो आणि जॅक शेजारी मान हलवायचा, जणू मांडवगणच्या यात्रेला तो दरसाल जात होता! पहिली सुपारी मी त्यालाच दिली होती, अध्यक्षाचा मान म्हणून. केलींच्या घरी म्हातारा केली चुलीपाशी बसला होता. त्यानं ते फळ बोटात फिरवलं आणि विचारलं, "घेतलं आणि नाही आलो तर?"

"असं कुणी केल्याचं माझ्या वडलांना माहीत नाही," मी म्हणालो.

"आणि आम्हाला पोती म्हणणारा कुठंय? तो का आला नाही?"

इथं माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं. "सुपारी एका माणसाची नसते, अख्ख्या गावाची असते. लेसनंच पाठवलीय असं समजा." लेसला यातलं काही ठाऊक नव्हतं! म्हातारा पुन्हा फळ निरखू लागला. पण मिसेस केलींनी पुढं होऊन ओंजळ केली, सात फळं मोजून घेतली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. मी तिथून थेट लेसच्या दुकानात.

लेसनं सुरी पुसत सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी त्यांना बोलावलंय?"

"हो. आणि सामन्यानंतर सगळ्यांना आमच्याकडं जेवायला."

"मटण कोण देणार?"

"तूच," मी म्हणालो. त्यानं सुरी खाली ठेवली. मग मागं वळला आणि हुकाला टांगलेली अख्खी मेंढी खाली उतरवली.

शनिवार उजाडला. थंडी, चिखल, बारीक पाऊस. मी फाटकापाशी येरझाऱ्या घालत होतो. गावातली पोरं एकेक करून आली. मग नदीच्या रस्त्यानं केलींचा ट्रक आला, मागं सातही जण उभे! मी अक्षरशः उडी मारली. लेस ट्रकपाशी गेला, काहीतरी पुटपुटला, थोरल्या केलीनं त्याच्या खांद्यावर जोरात थाप मारली, आणि भांडण मिटलं.

गडी मोजले. सतरा. एका पोराला गालफुगी झाली होती. पंच घड्याळ बघत होता. मी संत्र्यांची बादली धरून उभा होतो आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात जॅक आला. त्यानं कोटाच्या खिशातून आपलं निलगिरीचं फळ काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मोसमाच्या सुरुवातीला आम्ही लीगकडं सगळ्यांचीच नावं धाडली होती, गंमत म्हणून माझंही. माझी मूठ आपोआप मिटली. आबांच्या पोराला आता नाही म्हणायची सोय नव्हती.

गंजी गुडघ्यापर्यंत आली. लेसनं मला आमच्याच खांबांजवळ कोपऱ्यात उभं केलं आणि बजावलं, "फक्त उभा राहा." मी उभा राहिलो, पडलो, पुन्हा उभा राहिलो. एक दांडगा गडी माझ्या खांद्यावर चढून चेंडू झेलून गेला. काय सांगू, भीतीपेक्षा मजाच जास्त वाटली! आणि मग तो चेंडू निसटत, उड्या मारत माझ्याच हातात आला. समोरून एक जण धावून आला. मी त्याला हात लावला आणि वळलो. लहानपणी मांडवगणला भीमेच्या वाळवंटात हजारदा केलं तेच केलं. शिवलं की दम धरून आपल्या घराकडं पळायचं! डोक्याला नियम ठाऊक होते, पण पायांना हुतूतूच ठाऊक होता. मी श्वास कोंडून, छातीशी चेंडू धरून, आमच्याच खांबांमधून आरपार पळालो. पांढऱ्या कोटवाल्यानं विरुद्ध बाजूला एक गुण दिला. तोही हसत होता.

आम्ही सणकून हरलो. पण अठरा गडी शेवटपर्यंत उभे होते, आणि क्लब वाचला.

खेळ संपल्यावर मी पत्र्याच्या खोलीत बाकावर चिखल काढत बसलो होतो. कुणीतरी येऊन म्हणेल, "छान प्रयत्न केलात हं," याची मी वाटच बघत होतो. दार ढकलून म्हातारा केली आत आला आणि सगळ्यांदेखत माझ्यावर कडाडला, "अरे गाढवा! आपले खांब कुठले आणि त्यांचे कुठले एवढं कळत नाही तुला? मंगळवारी सरावाला ये. आणि उशीर केलास तर बघ!"

खोलीत हशा उसळला. लेसनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की खोकला लागला. मी टॉवेलात तोंड घातलं, कारण मला खरंच रडू आलं होतं. त्या गावात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर ओरडलं होतं. संध्याकाळी सुमनच्या रश्श्यानं सगळ्यांची नाकं गळत होती, आणि मिसेस केली तिला दटावत होत्या की एवढं तिखट घालतात का, बाई! सुमन लाजली नाही, उलट भांडली. मी मंगळवारी गेलो. त्यानंतरचा एकही मंगळवार चुकवला नाही.

ते दशक संपता संपता आम्ही पहिल्यांदा गावी आलो. तुम्ही सगळ्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्यात. चहा वेगळ्या कपात आला. आबा मला "बसा" म्हणाले. आबा, मला! आईनं मला विहिरीवर जाऊ दिलं नाही, कपडे मळतील म्हणून. मी हसून सगळं करवून घेत होतो आणि आतून खचत होतो, कारण ही अदब माझ्या चांगल्या ओळखीची होती. निघायचा दिवस जवळ आला तेव्हा मी सुमनला हळूच म्हटलं, आता या घरचेही आपण पाव्हणेच झालो.

त्याच सकाळी मी जाळीची वाघर उघडून मेंढरांच्या वाड्यात गेलो होतो आणि गप्पांच्या नादात तसाच परत आलो. ओसरीवर टेकतोय तोच आबा काठी आपटत अंगणात आले. "वाघर उघडी टाकून आलास व्हय रं शहाण्या? मेंढरं पार फराट्यांच्या ज्वारीत घुसल्याती! ती काय तुझा बाप वळून आणणार हाय?"

मी पायात चप्पलसुद्धा न घालता ज्वारीकडं धावलो, आणि धावताना मोठमोठ्यानं हसत होतो.