तेरा की तीस

रत्नागिरी स्टेशनात गाडी हलली तेव्हा आई खिडकीबरोबर चालत आली. दादा, म्हणजे माझे वडील, बाकाजवळच थांबले. सगळं आयुष्य होडीवर काढलेला माणूस, पण त्या सकाळी त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आई एवढंच म्हणाली, "बाय, घाबरलीस तरी तोंड उघड हां."

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला नर्सची नोकरी करता करता मी जर्मन शिकले होते. माझ्यामागून येऊ पाहणाऱ्या मुलींनो, वर्गात तारखा सोप्या वाटतात. आपण 'तेरा तारखेला' म्हणतो, इथे जर्मनीत 'तेराव्याला' म्हणायचं. एकोणीसपर्यंत शेवटी 'टेन', विसापासून 'स्टेन'. सत्तावीस म्हणताना आधी सात, मग वीस, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुली अडखळायच्या, मी नाही. परीक्षेत माझी एकही तारीख चुकली नव्हती.

पण फोनवर कुणी वर्गातल्यासारखं बोलत नाही. इथल्या वृद्धाश्रमात फोन वाजला की दुसऱ्या कुणीतरी उचलावा म्हणून मी वाट पाहायची. एकदा एर्ना आजींच्या ऑपरेशनची तारीख सांगायला हॉस्पिटलातून फोन आला. त्यांची रक्त पातळ करणारी गोळी त्याआधी ठरलेल्या दिवशी बंद करायची होती. बाई भरभर बोलल्या आणि फोन ठेवला. 'द्रायत्सेन्टेन' म्हणाल्या की 'द्रायसिग्स्टेन'? तेरा की तीस?

पेन हातातच राहिलं. तेरा असून मी तीस लिहिलं तर ऑपरेशन हुकणार. तीस असून तेरा लिहिलं तर गोळी फार आधी बंद होणार, आणि गुठळी झाली म्हणजे? प्रोबेशन चालू होतं. परत फोन करावा, तर आमच्या सिस्टरबाई दारातच उभ्या. हिला भाषा कळत नाही, असं त्यांनी वर कळवलं की संपलं.

तरी नंबर लावला. "तेराव्याला ना? आइन्स, द्राय? एक, तीन?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "हो. एक, तीन. विचारलंत ते बरं झालं."

मी स्टुलावर बसले. सिस्टरबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "मीसुद्धा आकडे सुटे करूनच विचारते. आम्हालाही ऐकू येत नाही नीट." एर्ना आजी ऑपरेशन करून धडधाकट परतल्या. मला मात्र पुढे कितीतरी रात्री तोच फोन स्वप्नात वाजायचा.

आता फोनची तेवढी भीती राहिली नाही. परवा आईने विचारलं, "गणपतीला येशील मा?"

"कधी आहेत गणपती?" मी सहज विचारलं.

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. आमच्या वाडीत हे कुणी कुणाला विचारत नाही.

"चवथीला गो," आई हळूच म्हणाली. "आणखी कधी?"

मी तारीख शोधली, सिस्टरबाईंना न अडखळता जर्मनमध्ये सांगितली, सुट्टीही मिळाली. पण आईचं ते थांबणं काही मनातून जात नाही. घर म्हणजे जिथलं काही विचारावं लागत नाही, असं मला वाटायचं. अजूनही तसंच वाटतं, म्हणून तर भीती वाटते. कारण मी विचारायला लागले आहे.