साडूभाऊंचा न ऐकणारा बोर्ड

जगातला प्रत्येक बिघाड कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे होतो, आणि तो कुणीतरी आपण कधीच नसतो, असं मनापासून मानणाऱ्या माणसांत आमच्या साडूभाऊंचा नंबर पहिला लागेल. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाळूजच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचा आणि खराब तेवढा बाजूला काढायचा, ही त्यांची नोकरी. कारखाना संध्याकाळी सुटतो, तपासणी सुटत नाही. भाजीवाल्याकडची वांगी ते कानाशी धरून टिचकी मारून पाहतात. वांगं त्यांना काय सांगतं हे त्यांना ठाऊक आणि त्या वांग्याला. एका पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी पाहुण्यांच्या खुर्च्या एकेक हलवून पाहिल्या आणि डुगडुगणाऱ्या सगळ्या मांडवाबाहेर काढल्या. चांगल्या खुर्च्या अर्थातच कमी पडल्या. मुलाकडची वडीलधारी मंडळी ताटकळत उभी राहिली, तेव्हा साडूभाऊ समाधानानं म्हणाले, "उभे हायत, पण कुणी पडलं तर नाय." लग्न ठरल्याप्रमाणे झालं, हा मुलाकडच्यांचा मोठेपणा.

अशा चोखंदळ माणसानं शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत घर घेतलं. बिल्डरच्या पाटीवर पोहण्याच्या तलावाचं निळंशार चित्र होतं. साडूभाऊंनी भिंती ठोकून पाहिल्या, फरशीवर गोटी सोडून उतार पाहिला, दारं पुन्हापुन्हा लावून पाहिली. नळ तेवढा उघडून पाहायचा राहिला. मग दुष्काळाची वर्षं आली. पाऊस आटत गेला तसं शहर मात्र चारी अंगांनी वाढत गेलं, आणि नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही लहर लागेल तेव्हा येऊ लागलं. कधी सकाळी, कधी भर दुपारी. आलं की लगेच मोटर लावून गच्चीवरची टाकी भरून घ्यायची, नाहीतर टँकरवाल्याच्या विनवण्या करायच्या. नळाला मोटर लावणं नियमात बसत नाही, आणि नियमात बसणारं पाणी गच्चीपर्यंत चढत नाही. साडूभाऊ दिवसभर कारखान्यात, त्यामुळे हा पहारा अक्काकडं, म्हणजे माझ्या मेहुणीकडं. तिचं माहेर कन्नडला, एसटीनं जेमतेम दोन तासांचा रस्ता. आमच्या सासूबाई तिथं एकट्या राहतात, गुडघे धरलेले. अक्का सकाळी जायची आणि पाण्याच्या धास्तीनं संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. आईपाशी चार दिवस राहावं एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच काही केल्या जमत नव्हतं.

यावर दुसरा कुणी नवरा म्हणाला असता, तू जा, मी रजा काढतो. साडूभाऊंनी यंत्र करायला घेतलं.

यंत्र म्हणजे पत्त्यांच्या डबीएवढा एक निळा बोर्ड. त्याच्या दोन तारा नळाच्या तोंडाशी ठेवायच्या. तारांना पाणी लागलं की बोर्ड मोटर चालू करणार, टाकी भरली की बंद करणार. पण हे त्या बोर्डाला आधी सांगावं लागतं, म्हणजे संगणकावर प्रोग्राम लिहून केबलमधून त्यात उतरवावा लागतो. प्रोग्राम साडूभाऊंनी इंटरनेटवर बघून स्वतः लिहिला आणि चांगला लिहिला. तो बोर्डात उतरेना, एवढीच अडचण होती. बटण दाबलं की संगणक बराच वेळ घुटमळायचा आणि लाल अक्षरांत कळवायचा, की बोर्ड उत्तर देत नाही.

झालं, चौकशी बसली. पहिला संशय केबलवर. मोबाइल चार्ज करायच्या काही केबलींतून नुसती वीज जाते, बाकी काही जात नाही, असं त्यांच्या वाचनात आलं. क्रांती चौकातून नवी केबल आली. लाल अक्षरं तीच. मग संगणकाचं पोर्ट बदललं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, दुसरा बोर्ड आणला. तोही गप्प राहिला, तेव्हा अख्खा मालच खराब आला असं ठरलं. वस्तू संपल्यावर माणसांची पाळी आली. शेजारणीचा मिक्सर चालू असला की विजेत गडबड होते, म्हणून प्रोग्राम चढवायच्या वेळी चटणी वाटू नये असं तिला सांगण्यात आलं. ती गरीब बाई दाराशी येऊन "भाऊ, वाटू का आता?" असं विचारू लागली. शेवटी संशय दर रविवारी त्यांच्याकडं जाणाऱ्या माझ्यावर आला. मी घरात असलो की हमखास बिघडतं, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. मला जिन्यात उभं केलं. तरीही लाल अक्षरं आली, तेव्हा साडूभाऊंनी जरा खट्टू होऊनच मला आत घेतलं.

या सगळ्या तपासात टेबलावर पाण्यानं भरलेलं एक फुलपात्र असायचं आणि बोर्डाच्या तारा त्यात बुडवलेल्या असायच्या. प्रोग्राम उतरला रे उतरला की लगेच चाचणी व्हावी, ही साडूभाऊंची शिस्त. चाचणी न झालेलं ते पाणी अक्का तुळशीला घालायची. त्या रविवारी माझ्यासाठी चहा टाकला आणि पाणी द्यायला फुलपात्र कमी पडलं, म्हणून अक्कानं तारा बाजूला करून ते फुलपात्रच उचलून नेलं. त्याच वेळी साडूभाऊंनी बटण दाबलं आणि प्रोग्राम सुरळीत उतरला. नुकताच त्यांनी बोर्डाखाली जेवायचा पाट ठेवला होता, तेव्हा सगळं श्रेय पाटाला मिळालं. विजेला लाकूड मानवतं, यावर मला थोडं व्याख्यानही मिळालं. मग प्रोग्रामात एक बारीकशी सुधारणा करायची म्हणून फुलपात्र भरून परत आलं, तारा बुडाल्या, आणि लाल अक्षरं आली. पाट उलटा झाला, आडवा झाला. मग साडूभाऊ पाटाचं सोडून फुलपात्राकडं बघत बसले.

त्यांनी तारा वर काढल्या; प्रोग्राम उतरला. बुडवल्या, उतरेना. संगणकाचं बोलणं बोर्डाच्या ज्या पायातून, म्हणजे पिनमधून, आत येतं, पाण्याची एक तार नेमकी त्याच पायाला जोडलेली होती. तार पाण्यात असेपर्यंत वाट अडत होती.

"ही तार हितं कुणी जोडली?" साडूभाऊंनी सवयीनं विचारलं.

खोलीत आम्ही दोघं आणि दारात अक्का. साडूभाऊंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मीच जोडली व्हय."

तार दुसऱ्या पायाला गेली, यंत्र चालू लागलं आणि अक्का पिशवी भरून कन्नडला गेली. साडूभाऊंनी काय केलं असेल? यंत्र नीट चालतं का हे बघायला रजा काढली. जी रजा आधीच काढता आली असती ती काढून ते नळासमोर बसून राहिले आणि सोबतीला मलाही बसवलं. एका दुपारी नळ गुरगुरला, तारा भिजल्या, मोटर आपली आपण चालू झाली. टाकी भरल्यावर आपली आपण थांबली. साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. त्यांनी अक्काला फोन लावला, मलाही ऐकू यावा म्हणून स्पीकरवर ठेवला.

"पाणी आलं. टाकी भरली. तू ऱ्हा निवांत," ते म्हणाले.

पलीकडं बायकांचा गलका चालू होता. "अहो, टँकर आलाय. रांगेत हाय मी, मागून बोलते," अक्का म्हणाली आणि फोन बंद झाला.

साडूभाऊंनी फोन खिशात टाकला. "म्हंजे हितं बसायची, ती तिथं उभी हाय," ते म्हणाले. यात कुणाची चूक, हे त्यांनी विचारलं नाही. उठून त्यांनी दोन सदरे पिशवीत घातले, यंत्र चालू ठेवलं, घराला कुलूप लावलं आणि कन्नडची एसटी धरली.

त्या शनिवारी बायकोला घेऊन मीही गेलो. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता आणि बायकांच्या रांगेत दोन घागरी घेऊन साडूभाऊ. जावई पाण्याला आलाय म्हणून बायका पदरात हसत होत्या. घरी ओट्यावर अक्का सासूबाईंच्या डोक्याला तेल लावत होती. जावयाला रांगेत उभं केलं, लोक काय म्हणतील, असं सासूबाई कुरकुरत होत्या.

"म्हणू दे," अक्का म्हणाली. "तू हलू नको, मला घाई नाय."

लेकीला आईच्या डोक्याला तेल लावायला इतका खटाटोप लागावा, याचं मला फार वाईट वाटलं. बायको त्यांच्यापाशी बसली. मी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि रांगेत साडूभाऊंच्या मागं जाऊन उभा राहिलो.