बांधीतलं तण, तलावातलं देवधान

माझ्या सासूबाईंचा ऋषिपंचमीचा उपास मोठा कडक. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्याच बाया पाळतात, पण बाकीच्या दुकानातल्या भगरीवर भागवतात. सासूबाईंना देवधानच लागे. तलावात आपोआप उगवणारं, लाल दाण्याचं धान ते. कोणी नांगरत नाही, कोणी पेरत नाही, म्हणून देवाचं.

मी या घरात आले तेव्हा गावचा तलाव देवधानाने भरलेला. मग तलाव खोदला, गवत खाणारे मासे सोडले, काठाने बेशरमाची झुडपं माजली. खरं सांगते, देवधान कधी गेलं ते आमच्या ध्यानातही आलं नाही. डब्यातले दाणे सरले तेव्हा कळलं. त्या ऋषिपंचमीला सासूबाई दोन केळांवर राहिल्या. पुढच्या वर्षीही तेच. नजर मंदावली होती. म्हणत, "आता देवभात वरतीच भेटन."

दोन हजार सालाच्या आसपास तलावांचा अभ्यास करणारी एक मुलगी आली. वहीत दोन रकाने: तलावात पहिले काय होतं, आता काय आहे. आमच्या घरची माणसं तलावावर मासे धरणारे, त्यांनी धडाधड माशांची नावं सांगितली. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "माशाचं काय इचारतं पोरी? मासा अंडे कुठी घालते, ते इचार. देवधानाच्या बुडात घालते. घरच मोडलं तं पाहुणा थांबन कुठी?"

मुलीने तेही वहीत उतरवलं. मग चिमूरकडच्या एका तलावातून तिनेच पुडीभर बी आणून दिलं. मी काठाच्या चिखलात त्याच्या रोपांचे पऱ्हे टाकले, भोवती काट्या लावल्या. वीतभर झाले होते.

एका सकाळी जाऊन पाहते तर चिखल सपाट! धाकटी जाऊ तलावाच्या पाळीवर बसून हात धूत होती.

"बाई, तुमच्या पऱ्ह्यात तणच तण होतं वो. सारं उपटून टाकलं. धान तं उगवलाच नाई."

मी म्हटलं, "अवो, तणच लावून राह्यली होती मी!"

"तण कोणी लावते का?"

 तिचा हात जन्मभर लोकांच्या बांधीत, धानाच्या शेतात, निंदण केलेला. धानात देवधान दिसलं की उपटायचं, हेच त्याला ठाऊक. घरी सांगितलं तर सासूबाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "बांधीत आलं तं तण, तलावात आलं तं देव. फेकलं कुठी ते पाहा पहिले!"

ढीग सावलीत होता, मुळं ओली. लगेच लुगडी खोचून आम्ही दोघी घोटाभर पाण्यात उतरलो आणि रोवणं करतो तसं रोवलं. जावेचा हात असा भराभर चालला, जणू केलेलं सगळं फेडूनच बाहेर निघायचं होतं तिला. पाळीवरून तिचा नवरा ओरडला, "तलावात रोवणं! आता पाण्याले नांगर जुंपा!"

"नांगराचं नाव नोको घेऊ," ती ओरडली, "म्हातारी खाणार नाई मंग!"

पण दुसऱ्या दिवशी बांबूच्या ताट्या लावून मासे अडवले ते त्यानेच.

मला मात्र तोच घोर लागला. हाताने लावलेलं देवाचं कसं? शेवटी विचारलंच, "आत्याबाई, हे चालन का तुमाले?"

 त्यांनीच उलट विचारलं, "बैल लागला का?"

"नाई."

"मंग झालं."

दिवाळीनंतर दाणा भरला. हात लागला की गळतो, म्हणून आधीच लोंब्यांच्या जुड्या बांधल्या होत्या. सारे मिळून दोन ओंजळी दाणे निघाले. एक ओंजळ सासूबाईंनी चाचपडत परत पाण्यात सोडली. दुसरी डब्यात, ऋषिपंचमीपर्यंत.

त्या दिवशी शिजवून सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी बोटांनी दाणे चाचपून पाहिले, घास घेतला. आम्ही दोघी जावा तोंडाकडे पाहत राहिलो.

"थोडा कच्चा राह्यला," म्हणाल्या, आणि ताट पुढे सरकवलं. "अजून वाढ."