घालवा की, उजेड हाय

अक्का कोपरानं लाईट घालवायच्या. दोन्ही हातांत फायली, दंडाला पर्स, ओठांत दोन टाचण्या, आणि दारातून बाहेर पडता पडता उजवं कोपर बरोबर खटक्यावर टेकायचं. मग टाचण्या दातांत धरूनच, मागं वळूनसुद्धा न बघता म्हणायच्या, “घालवा की, उजेड हाय.”

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना इथंच सांगून ठेवतो. आमच्याकडं लाईट बंद करत नाहीत, घालवतात. पंखा घालवतात, टीव्ही घालवतात. खांबावरनं बंद झाली तर ‘लाईट गेली’ आणि आपल्या हातानं बंद केली तर ‘लाईट घालवली’. आम्हाला यात कधी काही वावगं वाटलं नाही. पण या एका शब्दापायी आमचं अख्खं ऑफिस पेठेतून उठायची वेळ आली होती, म्हणून हा खुलासा.

ऑफिस मंगळवार पेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली भांड्यांचं दुकान. आम्ही ठिबक सिंचनाचं सामान विकतो. अक्का तिथल्या मोठ्या क्लार्क. हजेरी, टपाल, चहा, भांडणं, सगळं त्यांच्याकडं. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खालच्या भांड्यांवरून घुमून परत वर यायचा. ऊसवाले शेतकरी आले की म्हणायच्या, “पावणं, बसा. पंखा लावा. उठताना घालवा.” पाहुणाही मुकाट्यानं घालवून जायचा. घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल कोण जाणे.

मी सर्व्हिस विभागात. वजन भरपूर आणि घाम त्याहून भरपूर. माझी खुर्ची बरोबर एसीच्या तोंडाखाली होती आणि ती मी भांडून मिळवली होती. तेव्हा अक्कांचं आणि माझं कसं जमत असेल, तुम्हीच ताडा. तुमच्याही ऑफिसात असा एक घामट आणि अशी एक अक्का असणारच.

उन्हाळ्यात दुपार झाली की आमचा मुख्य खटका पडायचा. साहेबांच्या केबिनचा एसी, हॉलमधले दोन, झेरॉक्स, आणि तेवढ्यात कुणीतरी चहाची किटली लावली की सगळं ऑफिस अंधारात. अंधार म्हणजे भर दुपारी अंधार, कारण खिडक्यांना कपाटं लावलेली. समोर फॉर्म भरत बसलेला शेतकरी उठून म्हणायचा, “आमच्या गावात बरी असती की लाईट.” इमारतीची वायरिंग जुनी, मालक ती बदलायला तयार नाही, आणि वायरिंग बदलल्याशिवाय वीज कंपनीकडून लोड वाढवून मिळत नाही. शेवटी हेड ऑफिसनं कळवलं की पेठेतलं ऑफिस बंद करून सगळ्यांनी कागलच्या गोडाऊनला बसावं. तिथं लोड मुबलक, जागा मुबलक, एसी पाहिजे तेवढे.

खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. अक्का मात्र खुर्चीत बसल्या त्या बसूनच राहिल्या.

कारण असं, की अक्का जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. ते एक वेळ निभावलं असतं. पण घरी सासूबाई होत्या. अक्का त्यांना अव्वा म्हणायच्या. नजर जवळजवळ गेलेली, नेम तोच, आणि वर हट्ट असा की सून ताटाला ताट लावून बसली तरच घास घेणार. शेजारणीनं वाढून बघितलं, ताट तसंच राहिलं. अक्कांना उशीर झाला की म्हातारी उपाशी, आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत उपाशी. पेठेतल्या ऑफिसातून घर चालत गाठता यायचं. कागलचं गोडाऊन सुटतं उशिरा, त्यात हायवेची एसटी. थंडीच्या दिवसांत तर सूर्य वाटेतल्या उजळाईवाडीच्या अलीकडंच मावळायचा.

आम्ही सगळ्यांनी उपाय सुचवले. डबा न्या, लवकर सुटायची परवानगी मागा, बाई ठेवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “नोकरी सोडाय लागंल मला. आणि नोकरी सोडायची न्हाई हाय.”

मग त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. आमचे साहेब भला माणूस, पण हो म्हणायला घाबरणारा. बाहेर आल्या त्या पदर खोचूनच. ठरलं असं, की उन्हाळाभर खटका पडू द्यायचा नाही. मे महिन्यात हेड ऑफिसचा इंजिनिअर बघायला येणार होता. हे ऑफिस आहे त्या लोडमध्ये नीट चालतं असं त्याचं मत पडलं, तर मुक्काम पेठेतच.

पहिल्याच शनिवारी अक्कांनी कपाटं हलवायला लावली. मीही ढकलली, शिव्या घालत. माझ्या पाठीमागच्या कपाटाआड एक मोठी खिडकी निघाली. दहा वर्षं मी तिला पाठ लावून बसलो होतो आणि तिथं खिडकी आहे हे मला ठाऊक नव्हतं. काचांवर काळी फिल्म आणि जुन्या पाइपांची पोस्टरं. अक्कांनी खोबरेल तेल लावून, पट्टीनं खरवडून ती काढली. हॉलमध्ये ऊन आलं तसे सगळे डोळे चोळत एकमेकांकडं बघायला लागले. माझ्या टेबलाचा खरा रंग मला त्या दिवशी कळला.

ऊन आलं म्हणजे गरमीही आली. पश्चिमेच्या खिडकीतून तर दुपारी भट्टीच. मी म्हटलं, आता लावा एसी. अक्का म्हणाल्या, “शेतकऱ्याला काय सांगतो आपण? रोपाला ऊन लागलं तर काय कर म्हणतो?” शेडनेट लाव म्हणतो. गोडाऊनमध्ये फाटक्या शेडनेटचा, म्हणजे सावलीच्या हिरव्या जाळीचा, ढीग पडून होता. तो बाहेरच्या गॅलरीवर ताणला. त्याखाली पिंपात मधुमालती लावली आणि तिला आमच्याच नमुन्याच्या किटमधून ठिबक सोडलं. वेल चढायला वेळ लागला, पण शेडनेटनं पहिल्या दिवसापासून काम केलं. लोकांना पाणी वाचवायला सांगणाऱ्या ऑफिसात इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं. येणारे पाहुणे गॅलरीतलं ठिबक बघूनच ऑर्डर द्यायला लागले, तेव्हा साहेबांचाही चेहरा खुलला.

सगळंच काही गोड नव्हतं हं. अक्कांच्या उत्साहाला आवर नव्हता. एकदा साहेब बाथरूममध्ये असताना कोपर चाललं आणि आतून साहेबांची हाक आली. एकदा कोपऱ्यात हिरवा दिवा उगीच लुकलुकतोय म्हणून तोही घालवला. तो इंटरनेटचा डबा होता. एका शेतकऱ्याचा अनुदानाचा फॉर्म शेवटच्या पानावर होता, तो गेला. माणसानं कपाळाला हात लावला. अक्का त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यापासून सगळा फॉर्म स्वतः भरून दिला. मॉनिटर काळा झाला म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला, असं तर त्या महिनाभर समजत होत्या. मी खाली वाकून कॉम्प्युटरचा गरम डबा दाखवला, तेव्हा म्हणाल्या, “ह्यो तर झोपल्याचं सोंग घेतोय.” त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे कॉम्प्युटर घालवायचा हुकूम निघाला.

एसीवरून माझं आणि त्यांचं रोजचं युद्ध. मी अठरावर आणायचो, त्या सव्वीसवर न्यायच्या आणि वर पंखा लावायच्या. शेवटी मी रिमोट खिशात ठेवायला लागलो. त्यांनी एक दिवस ऑफिसच्या मधोमध विचारलं, “अण्णा, तुमी अंगावर शाल घेऊन एसी लावता, ही कुठली तऱ्हा?” सगळे हसले. आणि खरंच, पंख्याच्या वाऱ्यात सव्वीसवर माझं काही बिघडलं नाही. हे मी त्यांना मात्र बरेच दिवस कळू दिलं नाही.

लोकांना आठवण राहावी म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरांचे तुकडे कापून प्रत्येक खटक्यावर चिकटवले. तुकडे लहान, अक्षर मोठं, म्हणून मजकूर दोनच शब्दांचा. ‘लाईट घालवा.’ ‘पंखा घालवा.’ ‘एसी घालवा.’

आणि मे महिन्यात इंजिनिअर आला. मूळचा नागपूरकडचा, तरुण, अंगावर इस्त्रीचा शर्ट. हायवेला अडकल्यामुळं पोचायलाच त्याला संध्याकाळ झाली. हॉलभर फिरला, भिंती बघितल्या, आणि केबिनमध्ये शिरला तो लाल होऊन. साहेबांना म्हणाला, इथं लोक वीज वाया घालवतात हे ऐकलं होतं, पण तसे बोर्डही लावतात हे नव्हतं ऐकलं. साहेबांची बोबडी वळली. त्यांनी अक्कांना बोलावलं, अक्कांनी साक्षीला मला ओढलं.

“हे तुम्ही लिहिलं?” इंजिनिअरनं विचारलं.

“व्हय. मीच.”

“म्हणजे तुम्ही रोज लाईट घालवता?”

“रोज. सगळ्यांच्या आधी मीच घालवतो,” अक्का अभिमानानं म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. इंजिनिअर त्यानंही गडबडला. “आणि कुणी घालवली न्हाई तर बोलतो की त्याला. हे अण्णा आधी अजिबात घालवत नव्हते. आता तेबी घालवतात.”

त्याच्या तोंडाकडं बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठलो आणि केबिनची लाईट घालवली. म्हटलं, साहेब, याला आम्ही घालवणं म्हणतो. इंजिनिअर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. अक्कांना मात्र हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही. “मग तुमी काय करता, ठेवून घेता?” असं त्यांनी विचारलं.

हसण्यानं काम भागणार नव्हतं. त्यानं चिमट्यासारखं मीटर काढलं, मुख्य बोर्डापाशी स्टूल मागवलं आणि एकेक यंत्र लावून आकडे बघायला लागला. काम रेंगाळलं. शेडनेटवरचं ऊन पिवळं झालं, मग तांबूस. अक्का खिडकीशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत होतो. थांबल्या तर अव्वा उपाशी. गेल्या तर सगळ्या उन्हाळ्याचा निकाल त्यांच्या माघारी लागणार. मला म्हणावंसं वाटलं की आजचा एक दिवस थांबा, पण जीभ उचलली नाही. त्यांनी एकदा इंजिनिअरच्या पाठीकडं पाहिलं, एकदा बाहेर. मग फायली छातीशी धरल्या.

“मी चाललो. घरात म्हातारं माणूस हाय. बाकीचं अण्णा सांगतील.”

आणि दारातून बाहेर पडताना, जन्माची खोड, कोपर खटक्यावर टेकलं. हॉलमधले सगळे दिवे गेले. स्टुलावर इंजिनिअर, हातात मीटर, आणि जिन्यात अक्कांच्या चपला.  संपलं, असं मी मनात म्हटलं.

“लाईट गेली का?” त्यानं वर बघतच विचारलं.

“गेली नाही साहेब,” मी म्हटलं. “घालवली.”

 त्यानं मीटरवरचा आकडा बघून कागदावर लिहिला. पुढचा बघितला, तोही लिहिला. मग त्याचा हात थांबला. त्यानं कागदाकडं पाहिलं, हॉलकडं पाहिलं. खिडक्यांतून मावळतीचा उजेड टेबलांवर पसरला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “अहो, दिसतंय की.”

तो ‘की’ त्याला कुठून चिकटला, देव जाणे. पण मला तेव्हाच कळलं की आमचा मुक्काम हलत नाही.

तसंच झालं. त्यानं लिहून दिलं की ऑफिस आहे त्या लोडमध्ये व्यवस्थित चालतं. जुन्या ट्यूबा बदलून द्याव्यात, एक एसी काढून टाकावा आणि ऑफिसची वेळ सकाळी अर्धा तास अलीकडं आणावी, म्हणजे दिवसाच्या उजेडातच काम संपेल. काढलेला एसी माझ्या डोक्यावरचा. मी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी अक्कांना हे सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या टेबलावरचा पंखा एक आकडा वाढवून दिला.

अक्का गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. इतकी वर्षं ऑफिसच्या पार्टीचं जेवण रात्रीचं, त्यामुळं त्या यायच्या, सगळ्यांना वाढायच्या आणि उपाशी परतायच्या. निरोपाचं जेवण आम्ही भर दुपारी ऑफिसातच ठेवलं. अव्वांनाही खुर्चीत बसवून वर आणलं. दोघी मधुमालतीजवळच्या खिडकीत शेजारी शेजारी बसून जेवल्या. म्हातारीनं हात पुढं करून ऊन चाचपलं आणि कन्नडमध्ये सुनेला काहीतरी विचारलं. अक्का म्हणाल्या, “व्हय अव्वा, हितंच बसत हुतो.”

आता त्या दोघी निपाणीला अक्कांच्या लेकीकडं असतात. भिंतीवरचे कॅलेंडरचे तुकडे पिवळे पडलेत, पण काढायचं कुणाच्या मनात येत नाही. नवीन माणसं पहिल्या दिवशी ते वाचून गोंधळतात आणि आठवड्याभरात स्वतःच घालवायला शिकतात. संध्याकाळी शेडनेटवरचं ऊन तांबूस झालं की खिडकीजवळचं कुणीतरी मान वर करून म्हणतं, “अक्का बसल्या असतील जेवाय.” मग खुर्च्या सरकतात, कॉम्प्युटर घालवले जातात. मी सगळ्यात शेवटी निघतो. दोन्ही हात मोकळे असले तरी खटका मी कोपरानंच दाबतो.