ज्या वर्षी लळितात राजा आला नाही

निरोप आला तेव्हा मी कोथरूडच्या मळ्यात हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. सोमा गडी बांधावरून धावत आला आणि मुंडासं काढून उभा राहिला. "काकी, थोरल्या बाई ऱ्हायल्या न्हाईत. सकाळी तुळशीला पानी घातलं, उंबऱ्यावर टेकल्या, त्या तशाच." मी विचारलं, "कपाळावर कुंकू होतं का रे?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मेलेल्या माणसाबद्दल आधी कोणी असं विचारत नाही. मग म्हणाला, "व्हय. हुतं की." मी म्हटलं, "बरं झालं." घाटे टोपलीत ओतले आणि निघाले. पोचले तोवर माणसं त्यांना नदीवर घेऊन गेली होती.

सगुणाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. शनिवार पेठेत एका चुलीपुढे आम्ही दोघींनी जन्म काढला. त्यांना जाऊन आता महिना होत आला. देवळात गेले की बायका गळा काढतात, "काय हो ती माउली! जन्मभर नवऱ्याची वाट बघत बसली." मी दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा घेणार नाही. ते खरं नाही, आणि खोटी स्तुती जाऊबाईंना खपतही नसे. लग्नाआधी वडिलांनी मला भावाबरोबर पंतोजींकडे धूळपाटीवर बसवलं होतं. तेवढं बाळबोध येतं, मोडी येत नाही. जिला हे वाचता येईल तिनं बाकीच्यांना वाचून दाखवावं.

थोरले दीर कारकून म्हणून फौजेबरोबर उत्तरेत गेले. तलवार त्यांनी दसऱ्याला पूजेपुरतीच हातात घेतलेली. जाताना बायकोला म्हणाले, "पाय धुवायला पाणी ठेव, उन्हाळ्याआधी येतो." मग पानपत झालं. ज्यांची माणसं डोळ्यांदेखत पडली त्यांच्या घरी सुतक तरी लागलं. आमच्यासारख्यांच्या घरी काहीच नाही... ना निरोप, ना अस्थी. वर्षभर माणसं एकेक, दोनदोन परत येत राहिली. कोणी सांगे, तुमचे मथुरेला दिसले, बैरागी झालेत. कोणी सांगे, दिल्लीकडे कैदेत आहेत. सांगणाऱ्याला आम्ही जेवू घालायचो, त्यामुळे सांगणारे खूप येत.

सासूबाईंनी एकदाच सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "या घरात कोणी डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. जिवंत माणसासाठी रडणं अभद्र. माझा मुलगा येणार आहे." झालं. जाऊबाई रडल्या नाहीत. रोज दिवेलागणीला त्या दाराशी पाण्याचा तांब्या भरून ठेवत, सकाळी ते पाणी तुळशीला घालत. त्या तांब्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. अन्न मात्र त्यांना जाईना. दोन घास खाल्ले की पानावरून उठत. सासूबाईंचंही तेच. दोघी एकमेकींसमोर कोरड्या डोळ्यांनी बसायच्या आणि मी मधे वाढत असायची. मला वाटे, यांच्यापेक्षा भांडणाऱ्या सासवा-सुना बऱ्या.

आमच्या पेठेतल्या देवळात उत्सवाच्या शेवटच्या दिवशी लळित असे. सोंगं यायची, वासुदेव, आंधळा, पांगळा, लोक हसून घ्यायचे, आणि शेवटी राणीचं सोंग. राजा मोहिमेवर जातो, परत येत नाही. राणी रोज त्याच्या पायांसाठी पाणी भरून ठेवते, वाटसरूंना विचारते, प्रधान म्हणतो दुसरा राजा करू. अगदी शेवटी राजा येतो आणि आरती होते. राणी व्हायचा बापू गुरव. एरवी देवळात चौघडा वाजवायचा. मिशा काढायला तो तयार नसे, म्हणून पदर नाकापर्यंत ओढून घ्यायचा, आणि जोरात बोलला की पदर घसरायचा. राणीचं लुगडं दरवर्षी आमच्या घरून जाई. परत आलं की उसवलेलं मी शिवायची.

पानपतानंतर त्या सोंगाचं काही वेगळंच झालं. राणीनं पहिल्या वाटसरूला "माझा धनी दिसला का हो?" म्हणून विचारलं, आणि बायकांच्या बाजूनं हुंदका आला. एकीचा, मग चौघींचा, मग सगळ्यांचाच. जाऊबाईंच्या तोंडात पदर कोंबलेला आणि खांदे हलत होते. घरात टिपूस काढायचं नाही, पण राणीसाठी रडायला कोणाची बंदी? त्यात अभद्र काय? मला स्वतःला रडू आलं नाही. मला मिशा दिसत होत्या. पण एक गोष्ट मी दरवर्षी पाहिली. लळिताहून आल्यावर जाऊबाई पोटभर जेवत, आमटी मागून घेत. सासूबाई लळिताला येतच नसत, त्या तशाच उपाशी. शास्त्री लोक रस वगैरे काय काय सांगतात, ते मला कळत नाही. मला एवढंच कळतं की लळितात रडून घेतलं की पुढे आठ दिवस तरी विहिरीवर बायकांची भांडणं कमी होत.

बारा वर्षं अशी गेली. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. मग सुतक, मग बायकोचं कुंकू पुसायचं, मग न्हावी. चुलतसासरे भटजींना घेऊन आले. म्हणाले, "आता किती दिवस लोकांचं तोंड बंद ठेवायचं? उत्सव झाला की मुहूर्त धरू." जाऊबाई आत कोथिंबीर निवडत होत्या. देठ आणि पानं एकाच ताटात टाकत होत्या, एवढंच मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी बापू लुगडं न्यायला आला. जाऊबाईंनी त्याच्या हाती लुगडं दिलं, पण सोडलं नाही. म्हणाल्या, "बापू, यंदा राजाला आणू नकोस."

"म्हंजी?"

"राणीला कळू दे, की तो येत नाही."

बापूनं कानांना हात लावले. "बाई, देवाच्या दारात राजा मेलेला चालत न्हाई. पंच माझं दान बंद करतील."

"अरे, दरवर्षी तुझा राजा येतो आणि माझं रडणं अर्ध्यातच तोडतो. आरतीला उभं राहावं लागतं. एकदा तरी पुरतं होऊ दे."

"न्हाई जमायचं," म्हणून बापू लुगडं घेऊन गेला. जाऊबाई मला म्हणाल्या, "येसू, पुतळा जळताना रडले, तर लोक बघायला बसतील. मला त्यांच्यासमोर नाही रडायचं." मी म्हटलं, "अहो, तो गुरव आहे, त्याला दोन पोरं आहेत. त्याला कशाला अडचणीत घालता?"

त्या वर्षी सासूबाई लळिताला आल्या. का आल्या ते मी विचारलं नाही. जाऊबाईंपासून लांब, खांबाला टेकून बसल्या. सोंग नेहमीसारखं चाललं. वाटसरू झाले, प्रधान झाला. राजा खांबामागे मोरपिसाचा तुरा लावून तयार होता. राणीनं "आला गं आला" म्हटलं की त्यानं यायचं. बापू तिथवर आला आणि थांबला. बायकांकडे बघत राहिला. मृदंगवाल्यानं पुन्हा तोच ठेका धरला, तरी बापू गप्पच. खांबामागून राजा हळूच म्हणाला, "बापू, येऊ का?" सगळ्यांना ऐकू गेलं, पण कोणी हसलं नाही. बापूनं मान हलवली... नको. मग त्यानं राजासाठी ठेवलेला तांब्या उचलला, हात तिरपा केला आणि अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं. गेलेल्या माणसाला सोडतात तसं. पदर केव्हाच खाली आला होता, मिशा सगळ्यांना दिसत होत्या.

त्यानंतर जे झालं तसं मी पुण्यात पुन्हा पाहिलं नाही. बायका तोंडात पदर कोंबायचं विसरल्या. मोठ्यानं, आपापल्या माणसांची नावं घेऊन रडल्या. जी नावं बारा वर्षं घरात कोणी उच्चारली नव्हती, ती सगळी देवळात ऐकू आली. पुरुषही रडले. खांबाशी सासूबाई कपाळ टेकून "बाळा, बाळा" करत होत्या. जाऊबाई उठल्या, माणसांमधून वाट काढत गेल्या आणि सासूला धरून बसल्या. दोघींनी एकमेकींना तसं धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तोवर सासूबाईंना वाटायचं, सून आशेवर आहे, तिची आशा मोडायला नको. सुनेला वाटायचं, आई आशेवर आहे. दोघींनाही पहिल्याच वर्षी कळलेलं होतं.

भटजी मुहूर्त सांगायला आले तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या, "माझ्या मुलाला पाणी मिळालं. पळसाची पानं पत्रावळींना ठेवा." चुलतसासरे आवाज चढवून म्हणाले, "वहिनी, सोंगातलं पाणी का पितरांना पोचतं?" सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या भाडोत्री मंत्रांपेक्षा लवकर पोचतं." तो विषय तिथं संपला. पंचांनी बापूला खूप बोलून घेतलं, पुढच्या वर्षापासून राजा पुन्हा यायला लागला. लोकांनाही ते बरं वाटलं असावं. तसं रडणं काही दरवर्षी झेपत नाही.

त्याच आठवड्यात माझे यजमान दफ्तरातून आले. पाय धुवायला मागे निघाले, तशा जाऊबाई चुलीपुढून म्हणाल्या, "भाऊजी, दाराशी तांब्या आहे की. त्यातलंच घ्या." यजमान जागीच थबकले, मग पाय धुतले. तेव्हापासून तो तांब्या जो बाहेरून येईल त्याचा झाला. म्हणून सांगते, त्या वाट बघत नव्हत्या. कुंकू का ठेवलं, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "कुंकू काढलं की न्हावी येतो. मला डोक्याला गार वारा सोसत नाही." लोकांना वाट बघणारी पतिव्रता हवी होती, त्यांनी ती करून घेतली. जाऊबाईंनी ती मोडली नाही, कारण तिच्या आडोशाला त्या सुखानं जेवत, झोपत, आमच्या मुलांना रागावत.

मी त्याच दिवशी कोथरूडहून परतणार हे त्यांना माहीत होतं. पोचले तेव्हा घर रिकामं होतं, दारात इतकी माणसं वावरून गेलेली, तरी उंबऱ्याच्या कडेला तांब्या जागच्या जागी होता. सकाळी तुळशीला घालून पुन्हा काठोकाठ भरलेला. पायांना मळ्यातली माती होती. मी पाय धुतले, उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि तांब्या पुन्हा भरून ठेवला. नदीवरून माणसं यायची होती.

रडू आलं नाही. पण महिना झाला, अन्न नीट जात नाही. उत्सवाला अजून अवकाश आहे. बापू गेला, आता त्याचा मुलगा राणी होतो, त्यालाही मिशा आहेत. यंदा राणीचं लुगडं मी शिवून ठेवलंय, आणि पुढे बसणार आहे.