न वाजणारा कॅमेरा

दोस्तहो, कोणी फोटोवाले असान त सांगा, लई फसलो!

माह्या जुन्या डीएसएलआरचं शटर गेलं, पार्ट कुठंच भेटून नाही राह्यला. म्हणून आज फुलसावंगीच्या लग्नात दोस्ताचा नवा मिररलेस कॅमेरा घेऊन गेलतो. फोटो भारी, पण आवाजच नाही! तो कुठून चालू करतेत, मले माहीत नाही.

नवरीचे मामा श्वास रोखून उभेच.

"अबे, काढ ना फोटो!"

"काढला, मामा."

"खोटं नको बोलू. वाजला कुठं?"

स्टेजवरून कोणी उतरूनच नाही राह्यलं. खालची लाईन कावली. शेवटी हरेक फोटोले मीच तोंडानं 'खटॅक' केलं, तेव्हा लोकं हलले.

मिररलेस घेऊ, का दुसरा जुना डीएसएलआर शोधू? लवकर सांगा. उद्या रिसेप्शन आहे, अन् माहा घसा बसला.